गावकुसाबाहेरचे बेट

१

दोंडाईचाच्या बसस्थानकाजवळ गेल्या हिवाळ्यात एका प्रवासी कंपनीचा मोठा फलक लागला होता. निळेशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या गवती छपराच्या खोल्या. खाली मालदीव बेटांवरील चार रात्री व पाच दिवसांचा भाव आणि त्याखाली एक आश्वासन : तिथे तुमच्याशिवाय कोणीही नसेल.

या फलकाखालून रोज सकाळी मिरचीच्या पथारीवर कामाला जाणाऱ्या बाया जातात. दोंडाईचा ही मिरचीची जुनी पेठ. हिवाळ्यात ओली लाल मिरची येते, मोकळ्या रानावर वाळत घातली जाते आणि तिचे देठ काढण्याचे काम बहुतांशी बायाच करतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी हातांची अशी आग होते की लेकराच्या तोंडावरून हात फिरवता येत नाही. त्यांतल्या एकीचा मुलगा माझा विद्यार्थी. हॉटेलच्या कामाचा अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षांपूर्वी तो मालदीवमधल्या एका रिसॉर्टवर खोल्या लावण्याच्या कामाला लागला. म्हणून तिने मला फलकापाशी थांबवले आणि काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. भाव ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली,

"इतला पैसा दीसन एकलं ऱ्हावाले जातस का सर? आमनं घर ते फुकटमां गावबाहेर शे!"

त्या वाक्यात विनोद होता, पण केवळ विनोद नव्हता. गावापासून दूर राहणे ही गोष्ट या देशात दोन प्रकारांनी घडते. एक दूरपण लादलेले असते. गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या उताराच्या दिशेला, उकिरड्याच्या शेजारी. दुसरे दूरपण विकत घेतलेले असते. त्यात समुद्र असतो, एकांत असतो आणि हाक मारताच येणारा माणूस असतो. पहिल्यात राहणाऱ्याची सावली इतरांना नको असते. दुसऱ्यात राहणाऱ्याला इतरांची सावली नको असते. दोन्ही ठिकाणी ‘कोण आत, कोण बाहेर’ हे ठरवणारी एक रेषा असते. ही रेषा कशी आखली जाते, तिच्यासाठी कोण राबते आणि विश्रांती या गोष्टीवर नेमका कोणाचा हक्क आहे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

२

प्रथम हा एकांत तयार कसा होतो ते पाहू. तो निसर्गतः मिळतो असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

मालदीव हा हिंदी महासागरातला सुमारे बाराशे लहान बेटांचा देश. त्यांपैकी साधारण दोनशे बेटांवरच लोकवस्ती आहे. १९७२ साली तिथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे सूत्र ठरले. वस्ती नसलेले बेट सरकारने कंपनीला भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या संपूर्ण बेटावर कंपनीने एकच रिसॉर्ट चालवायचे. देशाचा धर्म इस्लाम. मद्यपान आणि किनाऱ्यावरचा परदेशी पेहराव लोकवस्तीच्या बेटावर चालत नाही, रिसॉर्टच्या बेटावर चालतो. म्हणजे पाहुणे एका बेटावर, लोक दुसऱ्या बेटावर आणि मध्ये पाणी. साधारण २००९ पर्यंत लोकवस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी साधी राहण्याची घरे काढण्याचा मार्गही सर्वसामान्य माणसाला बंद होता. पर्यटनाचा पैसा भाडेपट्टेदार आणि कंपन्या यांच्यात फिरत राहिला. नियम बदलल्यानंतर मात्र गावकऱ्यांनी आपापल्या बेटांवर अशी घरे काढली आणि त्यांनाही चार पैसे मिळू लागले. धोरण हे आभाळातून पडत नाही, ते बदलता येते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता बेटाची आतली रचना. माझा विद्यार्थी जुलैत रजेवर आला तेव्हा त्याने वहीच्या पानावर एक वर्तुळ काढले. वर्तुळाच्या कडेला पाहुण्यांच्या खोल्या, कारण समुद्र कडेला असतो. मधोमध, दाट झाडीच्या आड, कामगारांच्या खोल्या, भटारखाना, धुलाईघर, वीज निर्माण करणारी डिझेलची यंत्रे आणि समुद्राचे खारे पाणी गोडे करणारे संयंत्र. तांदूळ, भाजी, फळे, मांस, बाटल्या, चादरी सारे जहाजाने येते. पाहुण्यांपेक्षा कामगारांची संख्या अधिक, पण ते दिसता कामा नयेत. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या. पाहुणा न्याहारीला गेला की खोली लावायची आणि तो परतण्याआधी नाहीसे व्हायचे. टॉवेलाचा हंस करून पलंगावर ठेवायचा, पण पाहुण्यांच्या बाजूच्या पाण्यात स्वतः उतरायचे नाही.

"सर, दोन वर्षं समुद्राच्या मध्यात राहिलो," तो म्हणाला, "पण समुद्रात फार थोड्या वेळा गेलो."

जिथे ‘कोणीच नाही’ असे फलक सांगतो, तिथे शेकडो माणसे आहेत. बांगलादेशातली आहेत, श्रीलंकेतली आहेत, केरळातली आहेत, आता खानदेशातलीही आहेत. एकांत म्हणजे माणसांचा अभाव नव्हे. काही माणसांना न दिसण्याचा पगार दिला, की इतरांना एकांत मिळतो.

आणि कचरा? राजधानी माले आणि रिसॉर्टे यांचा कचरा टाकण्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थिलाफुशी नावाचे बेट वापरले जाऊ लागले. उथळ पाण्यात कचऱ्याची भर घालून हे बेट वाढवत नेले. वर्षानुवर्षे तिथे उघड्यावर कचरा जळत राहिला आणि त्या धुरात काम करणारे बहुतेक स्थलांतरित मजूर होते. गाव स्वच्छ ठेवायचे असेल तर गावाबाहेर उकिरडा लागतो, आणि उकिरड्यापाशी माणूस लागतो. आपल्याला हा नकाशा नवा नाही. फक्त इथे गावाच्या जागी समुद्र आहे.

३

अशा बेटांशी मराठी माणसाचा संबंध आजचा नाही. पाहुणा होण्याच्या कितीतरी आधी तो तिथे मजूर म्हणून पोचला होता.

मालदीवच्या नैर्ऋत्येला, याच महासागरात मॉरिशस आहे. नवविवाहितांच्या सहलीचे हे एक आवडते ठिकाण. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजुरांची तुकडी उतरवण्यात आली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर तिकडे गेली. बहुसंख्य बिहार, उत्तर हिंदुस्थान आणि मद्रासकडची. पण मुंबई बंदरातूनही जहाजे गेली, आणि त्यांत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतले गरीब कुणबी, मराठे, महार होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

परंतु त्यांच्या पूर्वजांच्या सुट्टीचा हिशेब वेगळा होता. मळ्यावर ‘दुहेरी कपात’ नावाची पद्धत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ताप आला, मूल वारले, देहाने साथ दिली नाही, कारण काहीही असो. महिन्यात दहा दिवस खाडा झाला तर उरलेल्या वीस दिवसांपैकी दहा दिवसांचे कामही फुकट. करार संपलेल्या मजुराला सुद्धा मोकळे फिरता येत नसे. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र असलेला दाखला आणि पोलिसांचा परवाना जवळ बाळगावा लागे, नाहीतर भटकेपणाच्या आरोपाखाली कैद होई. ज्या बेटावर जगभरची माणसे आज भटकायला जातात, त्या बेटावर भटकणे हा आपल्या माणसांचा गुन्हा होता.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम त्याच्या गुहांतून आसरा घेत. गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायला आले असे समजून गुलामांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मजुरांना जिथे उतरवून घेत तो आप्रवासी घाट २००६ साली आणि हा डोंगर २००८ साली जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, किनाऱ्याला लागून, आज आलिशान हॉटेले आहेत. जाहिरातीतल्या छायाचित्रात डोंगर मागे दिसतो. तो कोणाचा डोंगर आहे, हे छायाचित्र सांगत नाही.

४

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग सहल, मौज, विश्रांती हे सारेच प्रस्थापितांचे चोचले आहेत आणि चळवळीच्या माणसाने त्यांकडे पाठ फिरवावी. मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. विश्रांतीची मागणी ही या देशातल्या श्रमिकांची आणि दलितांची अत्यंत जुनी मागणी आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी कोणी दयेने दिली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगार संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेतले मूल रविवारी उशिरापर्यंत झोपते, ते लोखंड्यांच्या त्या झुंजीमुळे, हे आपण शिक्षकांनी तरी त्याला सांगितले पाहिजे. पुढे बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४५ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने एक वर्ष सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात तर कामगाराला निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे राज्याचे उद्दिष्टच नोंदले आहे. फुरसत हा शब्द आपल्या घटनेत आहे, तो उगाच नाही.

पण सुट्टी मिळाली म्हणजे सहल मिळाली असे होत नाही. जायचे कुठे आणि तिथे पाणी कोण पिऊ देणार, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९३४ सालची एक सहल सांगितली आहे. चळवळीतले तीसेक कार्यकर्ते त्यांच्यासह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजापाशी असलेल्या टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून टाके बाटले म्हणून गिल्ला झाला, स्थानिक मुसलमानांचा जमाव धावून आला आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागले. अखेर किल्ला पाहू दिला, तो सोबत हत्यारी शिपाई देऊन. त्यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये, एवढ्यासाठी तो शिपाई होता.

परदेशी पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस आपल्या सहकाऱ्यांसह सहलीला निघतो आणि पहाऱ्यात किल्ला पाहतो. आपल्या समाजाच्या पर्यटनाचा इतिहास इथून मोजावा लागतो.

५

जुना पहारा जातीच्या नावाने होता. नवा पहारा ‘खासगी’ या शब्दाने चालतो. मात्र हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर काय झाले ते आठवा. सनातन्यांनी न्यायालयात दावा लावला. ‘अस्पृश्यांनी पाणी पिऊ नये’ एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते, की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते चौधरी तळे आहे, खासगी मालकीचे आहे. ज्या तळ्यावर सारे गाव, परगावचा वाटसरू आणि जनावरे पाणी पीत, ते एका रात्रीत खासगी झाले. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा दावा अखेर फेटाळला.

पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, तसेच विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांबाबत जातीवरून कोणाला अटकाव करता येणार नाही, असे लिहिले गेले. मराठीत जिथे ‘राबता’ म्हटले आहे, तिथे मूळ इंग्रजी मसुद्यात ‘रिझॉर्ट’ हा शब्द आहे. लोक जिथे जमतात, जिथे राबता असतो, ती जागा म्हणजे रिझॉर्ट. आज त्याच शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. जिथे लोकांचा राबता नाही, तेच खरे रिसॉर्ट, असे आता समजले जाते.

हा उलटा झालेला अर्थ सरळ करता येतो. गोव्यात दोना पावलाजवळच्या एका किनाऱ्यावर एका बड्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित केली होती. किनाऱ्यावर जाण्याची लोकांची जुनी वाट त्या बांधकामात अडकली. स्थानिक लोक न्यायालयात गेले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट लोकांना मोकळी मिळाली पाहिजे, असा निर्णय दिला. किनारा, नदी, वन ही सरकारच्या मालकीची विकाऊ वस्तू नसून जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, हे तत्त्व त्यामागे होते. चवदार तळ्याच्या आणि या खटल्याच्या न्यायनिवाड्यात बहात्तर वर्षांचे अंतर असले, तरी झगडा एकाच गोष्टीचा आहे : पाण्यापर्यंत जाणारी वाट.

जात आज दरवाजावर आडनाव विचारत नाही. ती खिशातली रक्कम विचारते. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या खिशात रक्कम साठू दिली नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने दोन प्रश्नांना वेगळे समजू नये.

६

जुलैच्या अखेरीस माझा विद्यार्थी घरी आला आणि त्याने सरळ विचारले, "सर, करार वाढवू की सोडू?"

मी त्याला सोड म्हणालो नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले, कारण खेड्यातली जात त्यांनी पाहिली होती. बँकेत जमा होणारा पगार, ठरलेले तास आणि मालदीवच्या २००८ च्या रोजगार कायद्याने मिळणारी वर्षाची तीस दिवसांची पगारी रजा, यांतले काहीही त्याच्या आईला पथारीवर कधी मिळाले नाही. मिरचीचे देठ काढणारीला आजही रविवार नाही. आजारी पडली तर मजुरी बुडते. एवढीच वस्तुस्थिती तोलली तर बेट बरे. मी त्याला इतकेच म्हणालो, की तिथे गेल्यावर करारनामा नीट वाच, कायद्यातली कलमे पाठ कर, सोबतच्या बांगलादेशी पोरांनाही सांग आणि आपण दिसत नाही असे कधी समजू नकोस. आणि मला स्वतःला सांगितले, की पथारीवरच्या बायांची रजा हा विषय आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत आजवर एकदाही निघालेला नाही.

३१ जुलैला आम्ही सारे धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आहे. त्याच्या कुरणात, झाडीत, लांडोर बंगला नावाचे एक लहानसे विश्रामगृह आहे. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. वस्तीपासून दूर, शांत, एकांतातली ती जागा. तिथे आता दरवर्षी त्या दिवशी यात्रा भरते. खानदेशातून आणि बाहेरून माणसे येतात. पावसाची भुरभूर, निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, भिजलेल्या गवतावर पसरलेल्या चादरी. एका माणसाच्या एका मुक्कामाची जागा लोकांनी आपल्या राबत्याची करून टाकली आहे. तिकीट नाही, फाटक नाही.

मुलाच्या आईने गवतावर बसून भाकरी सोडली. ठेचा काढला. चहूकडे पाहत तिने लेकाला विचारले,

"तठे असं बसू देतस का रे?"

तो म्हणाला, "नही माय."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. तापी आमच्या तालुक्यातून वाहते आणि सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. दोंडाईचाच्या स्टेशनावरून गाडी त्याच नदीच्या खोऱ्याने सुरतेला जाते. डुमसचा किनारा सगळ्यांना मोकळा आहे. मुलाच्या रजेचे तीन दिवस उरले होते, त्यांत एक रविवार होता. परतीच्या गाडीत त्या दोघांचे ठरले.